जबड्याने ऐकणारे नासकेकाका

नासकेकाका बेस गिटार कानाने ऐकत नसत, जबड्याने ऐकत. गिटारच्या वरच्या बाजूला जे शिंगासारखं टोक असतं, ते स्वतःच्या जबड्याच्या हाडावर दाबायचे, डोळे मिटायचे आणि जाड तार अंगठ्याने छेडायचे. तोंड अर्धवट उघडं राहायचं. मग ओठाच्या कोपऱ्यातून लाळ सुटायची आणि त्या शिंगावरून खाली ओघळायची. ठाण्यातल्या वाद्यांच्या दुकानात हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंड फिरवलं. मी डोंबिवलीत एका लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या थुंकीच्या आणि लघवीच्या बाटल्या हाताळते, पण तेव्हा हातात मोजे असतात. इथे काकांनी लाळ शर्टाच्या बाहीने पुसली, तीच गिटार माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "आता तू ऐक."

मी ऐकलं नाही. मी पर्समधून सॅनिटायझर काढलं.

काका डोंबिवलीशेजारच्या कोपरला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर, मुलीकडे राहायचे. मूळचे कोलशेतचे, खाडीवरचे कोळी. वडील होडी घेऊन खाडीत जायचे. काकांनी होडी सोडून बेस धरला आणि सगळं आयुष्य लग्नाच्या हळदीच्या कार्यक्रमांत वाजवण्यात घालवलं. 'नासकेकाका' हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं, आणि ते चुकीचं नव्हतं. काकांच्या मते या जगातला प्रत्येक आवाज नासलेला होता. टीव्हीवर कोणी गायला लागलं की, "नासलाय." दारावरची बेल वाजली की, "नासली." एकदा गणपतीच्या आरतीत माझ्या हातातल्या घंटेकडे बघून त्यांनी तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "घंटा नासली गो तुमची." पितळेच्या घंटेला नासायला काय होतं, हे मला कळलं नाही. आमसुलाचं सार प्यायल्यासारखा चेहरा करून ते जिन्यात उभे असायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो चेहरा बघावा लागायचा.

त्यांची आणखी एक सवय मला अगदी सहन व्हायची नाही. समोरचा बोलत असला की ते त्याच्या तोंडाकडे एकटक बघायचे. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. बाईमाणसाने अशा वेळी काय करावं? मी पदर नसताना पदर सावरायचे. त्यातून ते स्वतः बोलायचे ते सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं. एकूण हा माणूस मला असभ्य वाटायचा, आणि मी त्याच्यापासून चार हात लांबच राहिले असते, पण मला बेस गिटार घ्यायची होती.

त्याचं असं झालं. आम्ही चार बायकांनी मिळून जुनी गाणी बसवायला सुरुवात केली होती. कीबोर्ड वाजवणारी वृंदा आमची म्होरकी. बाकी दोघी गाणाऱ्या, आणि तिघींनाही पुढे उभं राहायची भारी हौस. मला मागे उभं राहायचं होतं. गाण्याच्या खालून जे घुमत जातं, ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं आणि जे थांबलं की गाणं एकदम पोकळ होतं, ते मला वाजवायचं होतं. घरात सगळे हसले. या वयात म्हणे आणि बाई असून म्हणे. मी एकदाच घेऊ शकणार होते; चुकीची घेतली असती तर ती माळ्यावर गेली असती आणि घरच्यांचं हसू मला जन्मभर पुरलं असतं. म्हणून मी नाक मुठीत धरून काकांकडे गेले.

ठाण्याच्या दुकानात जो विक्रेता होता त्याने मी शिकाऊ आहे हे ओळखलं आणि त्याचे डोळे चमकले. "मॅडम, बिगिनर ना? मग हा पूर्ण सेटच घ्या. पाच तारांची गिटार, वर अँप, बॅग, पट्टा, सगळं आलं." गिटार लाल, इतकी चकचकीत की तिच्यात मला माझा चेहरा दिसत होता. त्याने ती स्वतःच्या गळ्यात अडकवली, आवाज वाढवला आणि तारांवर अंगठ्याने थाडथाड मारायला सुरुवात केली. मान हलवतोय, डोळे मिटतोय, मधेच माझ्याकडे बघून हसतोय. गिटार विकायची सोडून गडी स्वतःवरच खूश. मला त्याची शिसारी आली. काका त्याच्या बोटांकडे थोडा वेळ बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "याला खाज सुटलीय का गो? पावडर दे त्याला."

मग त्यांनी स्वतः भिंतीवरून एक चार तारांची काढायला लावली. पाचवी तार का नको, असं मी विचारलं. "चौघींना पोटभर जेवायला घाल आदी," ते म्हणाले, "मंग पाचवीला बोलाव." त्यांची परीक्षा घ्यायची रीत वेगळी होती. त्यांनी गिटार माझ्या गळ्यात अडकवली आणि "मी चा पिऊन येतो, तू अशीच उबी रहा. बसायचा नाय, टेकायचा नाय," एवढं सांगून ते खरंच निघून गेले. मी दुकानाच्या मधोमध गळ्यात ते धूड घेऊन उभी. येणारीजाणारी गिऱ्हाइकं बघतायत. थोड्या वेळाने गिटारचं डोकं जड होऊन खाली झुकायला लागलं आणि ते सावरता सावरता माझा डावा खांदा भरून आला. काका परत आले, माझ्या खांद्याकडे बघितलं आणि गिटार काढून घेतली. "हळदीला उबंच रहावा लागतं. जी उबी राहू देत नाय ती कामाची नाय." मी म्हटलं, मी कुठे हळदीला वाजवणार आहे? ते म्हणाले, "गाना उब्याचाच असतं."

अशा सात-आठ गिटारी काकांनी नाकारल्या. विक्रेता दर वेळी अँपची वायर जोडायला जायचा आणि काका दर वेळी त्याचा हात धरायचे. विजेवरचा आवाज त्यांना चालायचाच नाही. वीज खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं. मग पुन्हा जबडा, पुन्हा लाळ, पुन्हा बाही, आणि "नासलाय." शेवटी तो विक्रेतासुद्धा नाकाला रुमाल लावून उभा राहिला, आणि पहिल्यांदाच त्याचं आणि माझं एकमत झालं.

माझी गिटार मिळाली ती कल्याणला, एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या मालकाच्या घरी. पलंगाखालून त्याने पेटी ओढली, ती उघडली आणि ओल्या पायपुसण्याचा वास खोलीभर पसरला. अस्तरावर बुरशी होती. कोपऱ्यात झुरळाची अंडी. तारा कोणाकोणाच्या घामाने काळ्या पडलेल्या, आणि जिथे हात सरकतो तिथे मळाचा असा थर की नखाने खरवडून निघाला असता. मी दारापर्यंत मागे सरकले. काकांनी ती गिटार दोन्ही हातांनी उचलली, पेटीतल्या झुरळाला फुंकर मारली आणि शिंग जबड्याला लावलं. जाड तार छेडली. ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग डोळे उघडून म्हणाले, "हा नाय नासलेला."

हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी गिटार माझ्यापुढे धरली. मी पर्समधला रुमाल काढून त्या शिंगावर घातला. त्यांनी तो काढून माझ्या खांद्यावर टाकला. "फडक्यातून मासा लागतो का चवीला?" मी श्वास रोखला, डोळे गच्च मिटले आणि ते चिकट, ओलं लाकूड जबड्याला लावलं. काकांनी तार छेडली. आवाज बाहेरून आलाच नाही. दातांच्या मुळांतून वर गेला, डोक्यात गोल फिरला आणि छातीत उतरून तिथे बराच वेळ राहिला. मला किळस आली होती, आणि त्याच वेळी रडू येईल असं वाटत होतं. मी ती गिटार घेतली.

घरी आल्यावर मी तिला स्पिरिटने आंघोळ घातली. कापसाचे बोळे काळे पडत गेले. नव्या तारा घातल्या. पुढच्या रविवारी वृंदाकडे तालमीला नेली, पहिल्यांदाच वायर जोडली आणि खोलीत किर्रर्र असा आवाज सुरू झाला. बारीक, तीक्ष्ण, कानात सुई घालून फिरवावी तसा. तारेला हात लावा, न लावा, तो थांबेना. गाणाऱ्या दोघींनी कान झाकले. "अगं बंद कर ते," वृंदा म्हणाली, "काय कचरा उचलून आणलास?"

मी तशीच गिटार आणि वृंदाचा छोटा अँप रिक्षात घालून कोपरला आले. अंगाचा तिळपापड झाला होता. त्या लाळ गाळणाऱ्या म्हाताऱ्याच्या नादी लागून मी घाण विकत घेतली होती, जबड्याला लावली होती. काकांच्या खोलीत सरळ वायर जोडली आणि आवाज पूर्ण वाढवला. किर्रर्र. खिडकीतली कबुतरं उडाली. काका अँपसमोर, अगदी पुढ्यात, खुर्चीवर बसलेले. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"ऐका," मी म्हटलं, "हे ऐका तुमचं."

"काय ऐकू?" ते म्हणाले. "तू वाजव तरी."

मी मागे बघितलं. त्यांची मुलगी रेखा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, दोन्ही कानांवर हात ठेवून. तिने माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. मी अँप बंद केला. जिन्यात ती माझ्यामागे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्यांचे कान गेलेत गो. बारीक आवाज येतच नाहीत, बाकीचे फाटके येतात. तोंड बघून समजतात. त्यांना वाटतं, आवाजच नासलेत. आम्ही कोणी सांगितलं नाही."

मग तिनेच सांगितलं. हळदीला टेम्पोवर स्पीकरची भिंत लावतात. त्या गोंगाटात बेसवाल्याला स्वतःचा बेस ऐकू येत नाही. म्हणून तो सगळ्यात मोठ्या स्पीकरला पाठ टेकून उभा राहतो आणि पाठीने ऐकतो. काका तरुणपणापासून तसेच उभे राहिले. लोकांना हळदीत नाचायचं होतं, त्यांना वाजवायचं होतं, आणि कानाचा विचार कोणी केला नाही. तिथून पुढे मला त्या टेम्पोंची जी घृणा बसली ती अजून गेलेली नाही. वरातीत स्पीकरच्या भिंतीपुढे लहान पोरांना खांद्यावर घेऊन नाचणारे बाप दिसले की मला त्यांच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

गिटारच्या आत एक बारीक वायर तुटलेली होती. ठाण्याला नेऊन जोडून घेतली. किरकिर गेली, आणि खाली जो आवाज उरला तो असा होता की वृंदाने कीबोर्डवरचे हात उचलून माझ्याकडे बघितलं. काकांना मी सांगितलं की माझ्याच वायरची पिन नीट बसली नव्हती. त्यांनी मान डोलावली आणि पिन लावणाऱ्यांच्या आताच्या पिढीबद्दल बरंच वाईट बोलून घेतलं. गणपतीत आमचा कार्यक्रम झाला तेव्हा ते पहिल्या रांगेत बसले होते. सबंध वेळ माझ्या बोटांकडे बघत होते आणि चेहरा नेहमीसारखाच आंबट होता.

पण इमारतीत काही लपत नाही. पोरं जिन्यात तोंडाने किर्रर्र करून दाखवायची आणि काका त्यांची तोंडं बघायचे. पुढे आमची इमारत पाडायला निघाली, आणि रेखाने खडवलीला घर घेतलं. सामान टेम्पोत चढत असताना काका जिना चढून माझ्याकडे आले. धापा टाकत होते. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"खरा सांग," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच हळू होता. "तो बेस नासका निगाला ना? मीच चुकलो ना?"

बोलले असते तर त्यांनी माझं तोंड वाचलं असतं. मी गिटार गळ्यात अडकवली. अँपकडे गेले नाही. शिंग त्यांच्यापुढे केलं. ते वाकले आणि त्यांनी जबडा टेकवला. त्यांचं तेलकट डोकं माझ्या नाकाखाली आलं, औषधांचा आणि घामाचा वास आला, मला मागे सरकता येत नव्हतं. मी कार्यक्रमातलं पहिलं गाणं वाजवलं, सबंध, ध्रुवपदाकडे दोनदा परत येत. त्यांचं तोंड उघडं होतं. लाळ ओघळून माझ्या मनगटावर आली. मी वाजवत राहिले.

गाणं संपल्यावरही ते थोडा वेळ तसेच वाकून राहिले. मग उठले, बाहीने तोंड पुसलं.

"नाय," ते म्हणाले. "नाय नासलेला."

आणि कठडा धरून खाली गेले.

काका गेल्याचा रेखाचा फोन खडवलीहून आला त्या दिवशी मी लॅबमधून लवकर घरी आले. गिटार बाहेर काढली. स्पिरिट आणि कापूस घेऊन बसले आणि नेहमीप्रमाणे सगळी पुसली. तारा पुसल्या, दांडा पुसला, मागची बाजू पुसली. शिंगापाशी कापूस थांबला. ते खडवलीला गेल्यापासून मी तिथे कधीच कापूस लावला नव्हता. वाळलेला पांढुरका डाग तसाच होता. मी कापूस टाकून दिला, तिथे माझा जबडा टेकवला आणि जाड तार छेडली.