मासळी प्यालेल्या ऐंशी नवऱ्या

मालन मांडवकर झाडांशी बोलते, ही गोष्ट हातखंब्याच्या पलीकडच्या तिच्या वाडीत कुणाला नवीन नव्हती. झाडं तिला उत्तर देतात असंही तिचं म्हणणं होतं आणि तिथे मात्र वाडीत दुमत होतं. नवरा मुंबईला कंपनीत. शिमग्याला आणि गणपतीला यायचा, तर त्याला पाणी द्यायच्या आधी ही परसातल्या कर्दळीला सांगायची, "आले गो मालक." नवऱ्याने एकदा चिडून विचारलं, "मग काय म्हणाली ती?"

"बारीक झालेत म्हणते."

अशा बाईला विद्यापीठाच्या औषधी आणि सुगंधी वनस्पतींच्या बागेत रोजावर काम मिळालं, म्हणजे देवानेच जागा बघून माणूस नेमला म्हणायचा. कातळावर माती आणून केलेली बाग, भोवती जांभ्याचा गडगा, आणि प्रत्येक झाडापुढे एक पाटी. पाटीवर मराठी नाव आणि खाली लांबलचक शास्त्रीय नाव. मालन त्याला झाडाचं 'शाळेतलं नाव' म्हणायची. "बिचारा अडुळसा! एवढं नाव घातलंय शाळेत, हाक मारीपर्यंत पोराचा खोकला बरा व्हायचा." नऊ वर्षं ती तिथे खुरपत होती, पाणी घालत होती आणि गप्पा मारत होती. वाडीतली भातं चार महिन्यांत आटपतात. बाग गेली तर उरलेले आठ महिने बोलायचं कुणाशी, हा तिच्यापुढचा खरा प्रश्न असता.

आणि बाग जाणं काही कठीण नव्हतं. बागेच्या प्रमुख रुचिरा मॅडम. बाई मनाने चांगली, पण शिस्तीला करवंदीच्या जाळीसारखी. फाटकावर त्यांनी पाटीच लावली होती: प्रयोगाच्या झाडांना परवानगीशिवाय काही घालू नये, काही काढू नये. गेल्या मे महिन्यात एका गड्याने प्रयोगातल्या गवती चहाची दोन पाती चहात टाकली. मॅडमनी त्याला तो चहा शांतपणे पूर्ण पिऊ दिला, "साखर बरोबर आहे ना?" असंही विचारलं, आणि मग उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

त्या वर्षी मिरजेकडचा ऋत्विक नावाचा मुलगा पीएच.डी. करायला बागेत आला होता. काय खायला घातलं की तुळशीच्या पानातून जास्त आणि सुवासिक तेल निघतं, हा त्याचा विषय. त्याने तुळशीचे तीन वाफे केले, प्रत्येकात ऐंशी झाडं. पहिल्याला साधं पाणी, दुसऱ्याला गांडूळखत. तिसऱ्यासाठी मात्र त्याने बंदरावरून बांगड्याची आणि तारल्यांची डोकी आणली, निळ्या पिंपात गुळाबरोबर तीन आठवडे कुजवली आणि ते पाणी झाडांच्या मुळाशी घालायला मालनच्या हातात झारी दिली.

मालन झारीकडे बघतच राहिली. "दादा, तुळशीला मासळी?"

"त्यात नत्र असतं, ताई."

"असेल ओ नत्र. पण वशाट ना?"

"झाडाला काय कळतंय त्यातलं?" ऋत्विक नाक पुसत म्हणाला. पिंप उघडल्या दिवसापासून त्याला जी सर्दी धरली होती ती सुटली नव्हती. सुगंधाचा अभ्यास करणारा मुलगा, आणि नाक दोन्ही बाजूंनी बंद!

मालनने हळूच तुळशीकडे पाहिलं, ऐकलं की काय म्हणून. मग डोळे मिटून तिने झारी वाकडी केली. प्रत्येक रोपापुढे ती एकच वाक्य म्हणायची, "आई, मी नाय गो, विद्यापीठ." जोडीला काम करणारी चिमा सांगते, त्या दिवशी मालन ऐंशी वेळा तेच म्हणाली, आणि बहात्तराव्या रोपाला नुसतं "विद्यापीठ" म्हणाली तर परत मागे जाऊन पूर्ण म्हणून आली.

दिवाळीला ऋत्विक घरी गेला. कार्तिकातली द्वादशी आली. वाडीतल्या प्रत्येक घरापुढच्या खळ्यात वृंदावनाला गेरू लागला, ऊस बांधले गेले. मालनने घरच्या तुळशीचं लगीन लावलं, पण अक्षता टाकताना तिचा हात अडखळला. दुसऱ्या दिवशी ती चिमेला म्हणाली, "आपल्या घरची एक उजवली. तिकडं दोनशे चाळीस पोरी बिनलग्नाच्या उभ्या हायत. त्यातल्या ऐंशी तर बाटवलेल्या."

"पाटी वाचलीस ना फाटकावरची?" चिमा म्हणाली.

"काही घालू नये म्हणतात. लगीन लावू नये असं कुठं लिहिलंय?"

त्या दुपारी मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. गोरज मुहूर्ताला बाग बंद होते, म्हणून जेवणाच्या सुट्टीतला मुहूर्त धरला. नवरदेव पितळेचा बाळकृष्ण, तो मालनच्या डब्यातून भाजीच्या वरच्या कप्प्यात बसून आला. अंतरपाट म्हणून सावलीच्या हिरव्या जाळीचा तुकडा. आवळे, चिंचा, गूळपोहे, आणि अर्धा किलो हळद.

चिमा म्हणाली, "एवढ्या जणींना हळद कधी लावणार? फवारणीचा पंप आणू?"

"नवरीला हळद पंपाने मारतात, मेले? तुला मारली होती?"

मग आंब्याच्या पानाने सुरुवात झाली, आणि तीही मासळीच्या वाफ्यापासून, कारण शुद्ध करायची गरज त्यांनाच जास्त. वास काही जाईना, तशी मालन हळदीचा दुसरा हात देत गेली. नाजूक पानं, वरून खालून, मायेने. ऐंशी नवऱ्या न्हाऊन पिवळ्याधमक झाल्या आणि हळद संपली. उरलेल्या एकशे साठ जणींच्या वाट्याला नुसत्या अक्षता आल्या. चिमेने मंगलाष्टकं म्हटली, तिला दोनच येत होती, ती आलटून पालटून. बाळकृष्णाला घेऊन मालन वाफ्यावाफ्याने धावली. सुट्टी संपायच्या आत सगळ्या उजवल्या. अक्षता वेचल्या, जाळी जागेवर टांगली, गूळपोहे दोघींनी संपवले. मालनला असं हलकं वाटलं की संध्याकाळी ती हातखंब्याला उतरायच्या ऐवजी एक थांबा पुढे गेली.

तिसऱ्या दिवशी ऋत्विक परतला. मासळीचा वाफा बघून तो उभाच राहिला. "ताई, पानांवर काय तेज आलंय बघा! सोनेरी झाक!" त्याने वहीत 'सोनेरी झाक' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. नाक बंदच होतं. पानं धुतली तर सुगंध उतरतो म्हणून धुवायची नाहीत, हा त्याचाच नियम. तीन वाफ्यांची पानं वेगवेगळी काढली, वेगवेगळी वाफेवर धरली, तीन बाटल्यांत तेल उतरलं आणि बाटल्या यंत्राच्या खोलीत गेल्या. तेलात काय काय आहे, ते यंत्र कागदावर डोंगर काढून दाखवतं.

चार दिवसांनी ऋत्विक कागद नाचवत बागेत आला. "ताई! मासळीच्या तुळशीत एक नवाच डोंगर आलाय. आणि तो कशाचा, माहीत आहे? हळदीच्या तेलात असतं त्या द्रव्याचा! मासळीचं पाणी पिऊन तुळस हळदीचं द्रव्य तयार करायला लागली! जगात कुणी पाहिलेलं नाही हे!"

मालनच्या हातातलं खुरपं पायावर पडलं.

मुलगा तसा प्रामाणिक. लगेच म्हणाला, "पण आधी खात्री केली पाहिजे. भांडं मी तीनदा घासलंय. बागेत कुठे हळद आली होती का हो?"

फाटकावरची पाटी मालनच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. चहा पिणारा गडी उभा राहिला. तोंडातून निघून गेलं, "हळद? हळद स्वयंपाकघरात असते, दादा." शब्दाला शब्द खरा होता. पण देवापुढे तांदूळ मोजून ठेवावेत आणि त्यात खडे असावेत, तसं तिला झालं.

त्यानंतर तिला घास गोड लागेना. कर्दळीला सांगायला गेली तर कर्दळ बोलेना. चिमा म्हणायची, "गप बस. डोंगर आला तर आला. पोराचं भलं होतंय." मालनही मनाशी तेच घोळवत होती. पण एके दिवशी ऋत्विकने आनंदात पुढचा बेत सांगितला. विद्यापीठाची समिती बाग बघायला येणार होती, बाहेरून एक मोठे सरही येणार होते. त्यांनी होकार दिला की गावोगाव शिबिरं. "ताई, जिल्ह्यातल्या घराघरातल्या तुळशीला मासळीचं पाणी! पावसपासून वेळणेश्वरापर्यंत!"

मालन मटकन गडग्यावर बसली. वेळणेश्वरात देवळासमोरच्या अंगणातही तारल्याची डोकी! सगळ्या मुलखाच्या तुळशी बाटणार, आणि कशामुळे? तर अर्ध्या किलो हळदीमुळे. एका बाजूला आपली बाग, दुसऱ्या बाजूला जिल्ह्यातली सगळी वृंदावनं. घरी जाऊन तिने देवापुढे दिवा लावला, पण काही मागितलं नाही. मागायला तोंडच नव्हतं.

समिती आली. मोठे सर पांढऱ्या केसांचे, चपळ, पहिल्या साध्या पाण्याच्या वाफ्यात वाकून पानं चुरगळून हुंगणारे. ऋत्विकने नवा शर्ट घातला होता आणि डोंगराचा कागद फळ्यावर चिकटवला होता. रुचिरा मॅडम अभिमानाने बाजूला उभ्या. मालन झारी धरून मागे.

सर म्हणाले, "अद्भुत आहे हे! शेतकऱ्यांपर्यंत ताबडतोब गेलं पाहिजे."

"नको!" मालन ओरडली. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. झारीतलं पाणी तिच्याच पायांवर सांडत होतं. "सायेब, नको. त्यांचं लगीन झालंय."

"कुणाचं लग्न?" सरांनी विचारलं.

"ह्यांचं. ह्या ऐंशी जणींचं. म्हणजे लगीन झालं सगळ्यांचंच, पण हळद ह्यांनाच पुरली."

चिमा पदर तोंडात कोंबून आवळ्याच्या झाडामागे गेली. ऋत्विकचा चेहरा कागदासारखा झाला, डोंगर नसलेल्या.

सर मात्र जवळ आले. "नवरा कोण?"

"बाळकृष्ण. डब्यातून आणला मी."

"एकटा? दोनशे चाळीस जणींना?"

"सोळा हजार सांभाळल्या त्याने, सायेब. ह्या काय जड?"

सर हसायला लागले ते त्यांना खाली बसवून पाणी द्यावं लागलं. ऋत्विक हसला नाही. त्याने वाफ्याजवळ जाऊन पान तोडलं, खिशातून नाकात टाकायचं औषध काढलं, दोन्हीकडे चार चार थेंब सोडले, मान वर करून मिनिटभर उभा राहिला आणि मग पान हुंगलं. "हळद," तो बारीक आवाजात म्हणाला. "आणि बांगडा."

मालन पुढे झाली. "दादा, चुकला माझा. तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवा होता. पाटीची भीती वाटली. पण मासळीचा पाणी घरोघर जाणार म्हटल्यावर राहवेना."

सगळ्यांच्या देखत मॅडमनी विचारलं, "प्रत्येक झाडाला किती हळद लावलीत?"

"पहिल्या चार ओळींना दोन हात. पाचवीला तीन, तिथं पिंप सांडलेलं. शेवटच्या ओळीला एकच, संपत आलेली." मालनने न अडखळता सांगितलं.

मोठ्या सरांनी डोळे पुसत वही उघडली. "हे सगळं लिहून घे रे, ऋत्विक. आणि हळद न लागलेल्या नव्या पानांचं तेल पुन्हा काढ. धुऊन."

पुन्हा काढलं. डोंगर गेला. मासळीच्या तुळशीचं तेल साध्या पाण्याच्या तुळशीसारखंच निघालं, रतीभर जास्त नाही की कमी नाही. ऋत्विकने तसंच प्रबंधात लिहिलं, निळं पिंप बागेबाहेर गेलं आणि आठवड्यात त्याची सर्दी थांबली. मालनचा निकाल मात्र लागायचा होता. मग एक दिवस मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. ऋत्विक कोपऱ्यात कागद लावत होता. टेबलावर चहाचा कप होता. तो बघूनच मालन दारात थबकली.

"चहा घ्या, मालनताई."

"नको मॅडम. प्यायला की जावा लागतो."

मॅडमनी मोठ्या कष्टाने चेहरा सरळ ठेवला. "तुम्ही त्या दिवशी बोलला नसतात, तर हा मुलगा परिषदेत उभा राहून जगापुढे तुळशीची हळद दाखवून आला असता. म्हणून काम चालू राहील. पण आजपासून, बागेत कुठल्याही झाडाचं काहीही करायचं असेल, तर आधी मला सांगायचं. काहीही. आणि केलेलं असेल तर तेही लपवायचं नाही. कबूल?"

"कबूल, मॅडम. देवाशपथ." मालनने कप उचलला, अर्धा चहा एका घोटात घेतला, आणि मग कप हळूच खाली ठेवला. "मग आत्ताच सांगून टाकते. शतावरीचं डोहाळजेवण झालंय."

"कधी?"

"परवा. बाळंतिणीचं झाड ना ती. जगाला दूध देते, तिचे डोहाळे कोण पुरवणार?"

मॅडमनी डोळे मिटले. "काय वाढलंत?"

"पाच पदार्थ होते."

"ऋत्विक," मॅडम डोळे न उघडताच म्हणाल्या, "वही घे. ताई, सावकाश सांगा. मुळाशी काय घातलंत, आणि पानांवर काय?"