पडवळाच्या मापाचा टर्बो

माझ्या साडूंना या जगातली एकही वस्तू आहे तशी पसंत नाही. सृष्टी घडवायचं काम त्यांच्याकडे असतं, तर हत्तीची सोंड कापून त्यांनी ती जरा डावीकडे वळवून बसवली असती. घरात कोरी करकरीत वस्तू आली की साडूभाऊ तिच्याभोवती फिरतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि माझ्याकडे वळून निकाल देतात, "मास्तर, कंपनीने इथे घाई केली." मग करवत येते. डहाणूच्या त्यांच्या घरात पंखा लागला की समोरच्यांचं वर्तमानपत्र उडतं. मिक्सरला त्यांनी सायकलचा ब्रेक बसवला आहे. आणि कुकरची शिट्टी अशी काही सुधारली आहे, की वरण शिजल्याची बातमी आधी स्टेशनातल्या प्रवाशांना कळते. जन्मभर ते रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, आणि तिथे आपल्या मनाने एक स्क्रू फिरवायची सोय नव्हती. ती उपासमार ते आता घरावर भागवतात, असं माझ्या थोरल्या मेव्हणीचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं मत आहे. आम्ही तिला ताई म्हणतो. "सरकारने रिटायर करताना घड्याळ देण्याऐवजी यांच्याकडचे पाने जमा करून घ्यायला हवे होते," असं ती आल्यागेल्याला सांगते.

या घरात सर्वांत जास्त सुधारणा सोसल्या त्या जुन्या डिझेल जीपने. त्यांची एकुलती एक मुलगी त्याच जीपमध्ये वाढली. शाळेत जाताना ती बापाशेजारी बसायची, आणि चढ आला की इंजिनातून टर्बोची बारीक शीळ ऐकू यायची. बारा गावं ऐकतील अशा आवाजात ती ओरडायची, "बाबा, वाजला!" बाप खूश होऊन आणखी दामटायचा. पुढे ती कासा गावच्या शाळेत शिक्षिका झाली, तलासरीचं स्थळ आलं, बैठक बसली. मुलीकडच्यांनी अटी घालू नयेत असा रिवाज. पण साडूभाऊंनी चहाचा कप खाली ठेवून एकच अट घातली : पाठवणी आमच्या जीपमधून होईल आणि जीप मी चालवीन. व्याही चक्रावले. "अहो, नवरीबरोबर पाठराखीण जाते. नवरीचा बाप कधी जातो काय?" साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "बाप म्हणून कुठे येतोय? ड्रायव्हर म्हणून येतोय." आणि अट मान्य झाली.

आणि लग्न तोंडावर आलं असताना टर्बो गेला! चारोटीहून येताना जीपने काळ्या धुराचा असा लोट सोडला की मागचा टेम्पोवाला उतरून हात जोडून गेला. ज्यांना हे यंत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या धुराच्या जोरावर टर्बोचा पंखा फिरतो आणि बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. पंख्याभोवती गोगलगायीच्या आकाराचं अ‍ॅल्युमिनियमचं कवच असतं आणि त्याच्या तोंडातून दाबलेली हवा बाहेर पडते. त्या जुन्या जीपचा टर्बो आता मिळेना. साडूभाऊंनी हायवेच्या भंगारवाल्याकडून दुसऱ्याच एका गाडीचा उचलून आणला, तान्ह्या बाळासारखा पंच्यात गुंडाळून. तो बसलाही, पण कवचाचं तोंड थेट बॅटरीवर जाऊन आदळलं. पाइप जोडायला बोटभर जागा नाही.

"मग बॅटरीच हलवा ना," ताई अक्षता निवडता निवडता म्हणाली.

"बॅटरीला हात लावायचा नाही! तिची जागा कंपनीने विचार करून ठरवली आहे." कंपनीची बाजू घेताना मी त्यांना आयुष्यात प्रथमच ऐकलं. खरं कारण उघड होतं. बॅटरी हलवण्यात मजा कसली? तोंड कापून, नवी वाकडी नळी जोडून ते बॅटरीला वळसा घालून वर काढायचं, हा बेत त्यांच्या डोळ्यांत केव्हाच चमकू लागला होता.

आता नळीला बाक किती द्यायचा? मी म्हटलं, वेल्डरला मोबाइलवर फोटो पाठवा. ते म्हणाले, "फोटोत खोली कळत नाही." मापाला तार घ्यावी तर ती फार ताठ, रबर फार ढिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात. साडूभाऊ एकेक पडवळ उचलून वाकवून पाहत होते, तेव्हा गंजाडची भाजीवाली वैतागून म्हणाली, "काका, भाजी करनार का नळ बसवनार?" "नळच," साडूभाऊ म्हणाले आणि एक झकास वाकडं पडवळ घेऊन आले. ते इंजिनात असं चपखल बसलं की मलाही टाळी वाजवावीशी वाटली! स्केचपेनने खुणा झाल्या, आणि ते पडवळ कवचासकट तलासरीच्या वेल्डरकडे रवाना झालं.

वेल्डर मोठा सचोटीचा माणूस, पण तो नेमका नातेवाइकांच्या लग्नाला वापीला गेला होता. तो परतेपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये पडवळ सुकलं, आक्रसलं आणि आकड्यासारखं वाकून बसलं. वेल्डरने त्या बाकाबरहुकूम नळी जोडून दिली. हळदीच्या दिवशी सकाळी कवच घरी आलं, आणि पाहतो तर त्याचं तोंड वळसा पुरा करून पुन्हा बॅटरीकडेच! साडूभाऊंनी फोन लावला. पलीकडून अर्ध्या गुजरातीत उत्तर आलं, "काका, तुमी पडवळ दिला, मी पडवळ बनवला. एमां माझी काय चूक?"

साडूभाऊ पायरीवर बसले. घरात हळद लागत होती, पाहुणे येत होते, आणि उद्या पाठवणी. मी काही बोलणार, तोच मुलगी हळद लागल्या अंगाने बाहेर आली. "बाबा, माप नेऊच नका. गाडीच न्या." बस्स! शेजाऱ्याच्या टेम्पोला दोर बांधून जीप ओढत आम्ही तलासरी गाठली. वेल्डरने नळी कापली, जीपमध्येच कवच जागेवर धरून वेल्डिंगचे दोन टाके मारले, मग बाहेर काढून पुरतं जोडलं. आत धातूचा कीस राहिला तर पंख्याचा चुराडा होईल, म्हणून साडूभाऊंनी ते कवच घरी आणून डिझेलने धुतलं. धुतलं ते रुखवताच्या नव्या परातीत, हे ताईला अजून ठाऊक नाही.

संध्याकाळी त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि त्या गोंगाटातून ती शीळ वर चढली, बारीक, लांब, स्वच्छ! "मास्तर, वाजला!" म्हणत त्यांनी मला मिठीच मारली. आतून हळदीने माखलेली मुलगी "वाजला! वाजला!" करत धावत आली, तिच्या मागे बायका, आणि बँडवाल्यांना वाटलं नवरदेव आला, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. इतका आनंद मी त्या घरात कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि पाठवणी झाली. जीप झेंडूने मढवली होती. मुलगी बापाशेजारी, तिच्या पलीकडे नवरदेव, मागे पाठराखीण म्हणून माझी बायको आणि मी. आता गंजाडच्या चढावर शीळ ऐकायची म्हणून मी कान टवकारून बसलो. चढ आला आणि गेला. चारोटीनंतर हायवे लागला, कंटेनरवाले हॉर्न वाजवत पुढे निघून गेले, एक ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागे टाकून गेला. टर्बोला जाग येईल इतका वेग साडूभाऊ गाडीला घेऊच देईनात.

"बाबा, जरा दामटा ना," मुलगी हळूच म्हणाली.

"रस्ता खराब आहे गं," ते म्हणाले. रस्ता अगदी गुळगुळीत होता. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि तलासरी येईपर्यंत ती त्यांच्या खांद्याला टेकून बसली.

पाठराखीण तिकडेच राहिली, परतताना जीपमध्ये साडूभाऊ आणि मी असे दोघंच होतो. आता तरी वाजवतील असं मला वाटलं, पण ते तसेच रमतगमत चालवत राहिले. आमच्या दोघांमध्ये मुलीच्या रिकाम्या जागेवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या, त्या त्यांनी झटकल्या नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, मुलगा चांगला आहे. घर चांगलं आहे."

"मग?"

"काही नाही. आपणच जरा घाई केली."