कर्ण्यावरून सांगितलेला सिनेमा

अरबांच्या मुलखातल्या देरा बंदरात, त्या उघड्यावरच्या थिएटरात इंग्रजी सिनेमा मी तोंडाने चालवायचो. म्हणजे मशीन ऑपरेटर चालवायचा, पण पडद्यावरची गोरी माणसं काय बडबडतायत हे समोरच्या पाचशे जणांना कळणार कसं? तेव्हा अमिराती एक व्हायच्या होत्या, तेल निघायचं होतं, आणि रत्नागिरीहून मॅट्रिक होऊन आलेला मी आमच्या खोलीतला सगळ्यात शिकलेला माणूस. दिवसभर कापडाच्या पेढीत कारकुनी करायची आणि शुक्रवारी सूर्य बुडाला की मगरिबच्या नमाजानंतर पत्र्याचा कर्णा घेऊन पडद्याशेजारी स्टुलावर उभं राहायचं. इंग्रजी निम्मं कळायचं, निम्मं मी हिंदीत रचून ठोकून द्यायचो. कधी कुणी तक्रार केली नाही.

त्या शुक्रवारचा सिनेमा सोन्याचा होता. दोन रिकामटेकडे दोस्त, एक न्हावी आणि एक गवई, बर्फाच्या मुलखात सोनं सापडलंय असं ऐकतात आणि खेचरावर पेटीबाजा लादून निघतात. पाच मिनिटं झाली की गाणं, गाणं संपलं की कुणीतरी धपकन पडणार. बर्फ आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. एक बलुची हमाल खालून म्हणाला, एवढं मीठ पडलंय तर मीठच विका की. लोक पोट धरून हसले. सोन्यासाठी जमीन खणायची, याचंच त्यांना नवल वाटत होतं. आमच्या बाजारात ते काचेमागे उघड पडलेलं असायचं. आमच्याकडे सोनं शोधावं लागत नव्हतं, पोचवावं लागायचं. बिस्किटं शिवलेलं जाकीट अंगात घालायचं, लाँचवर चढायचं आणि कोकणच्या किनाऱ्यासमोर मच्छीमारांच्या होडीत माल उतरवायचा. पकडले गेलात तर तुरुंग. पाण्यात पडलात तर त्या वजनाने सरळ तळ.

आणि तिसऱ्या रांगेत दुलाभाई बसले होते. माझ्या थोरल्या बहिणीचे, आपाचे, नवरे. लाँचा दुरुस्त करणारे सुतार, हाताला सोन्यासारखं काम, पण दोन वर्षांत घरी जायला जमलं नव्हतं. सोनं पाठवणारा एक दलाल चार-पाच महिने त्यांच्या मागे लागला होता. एक खेप मार आणि तिकडेच घरी उतर, परत यायलाच नको. लाँच त्याच शुक्रवारी रात्री, इशाच्या नमाजाच्या सुमाराला, भरतीवर खाडीतून सुटणार होती. दलालाचं हे बोलणं आपाच्या कानावर आधीच गेलं होतं. तिने मला पत्र धाडलं होतं, काही कर, पण त्यांना लाँचवर चढू देऊ नकोस.

काही कर म्हणे. काय करणार? आमच्यात बहिणीचा नवरा म्हणजे मान. धाकट्या मेव्हण्याने त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही, अक्कल तर मुळीच शिकवायची नाही. एका खोलीत राहून मी त्यांना दोन वर्षांत 'जेवलात का' याच्यापलीकडे काही विचारलं नव्हतं. म्हणून मी त्यांना सिनेमाला बोलावलं. पाणी ओसरेपर्यंत खुर्चीत बसवून ठेवायचं, एवढंच. आणि तोंडावर जे बोलता येत नव्हतं ते पडद्यावरच्या माणसांच्या तोंडी घालायचं. स्वतःच्या हुशारीवर मी भलताच खूश होतो.

पण ते स्वस्थ बसतील तर ना. दर पाच मिनिटांनी मागे वळून खाडीकडे बघत होते. एकदा उठले, पाणी पिऊन आले. पुन्हा उठले. ऑपरेटरला मी आधीच सांगून ठेवलं होतं, रीळ बदलताना घाई करू नकोस. दोन रिळांच्या मधे मी गोष्ट लांबवत होतो, लोक 'यल्ला, यल्ला', चला पुढे, म्हणून ओरडत होते, आणि माझं डोकं तापत चाललं होतं. मी मुळातच तापट. आजही माझ्या नाती मला 'रिलॅक्स' म्हणतात.

मग पडद्यावर खानावळवाली बाई गवयाचा हात धरून काहीतरी गाऊ लागली. काय गात होती, अल्लाला ठाऊक. मी कर्णा तोंडाला लावला आणि सुरू झालो. ही म्हणतेय, तुझं घर समुद्राकाठी आहे. तिथे तुझी चार वर्षांची मुलगी रोज धक्क्यावर जाऊन उभी राहते. बोटीतून ट्रंक घेऊन जो उतरेल त्याला विचारते, तुम्ही माझे अब्बा का?

हे आपाच्या पत्रातलं होतं. आमच्या खोलीतले रत्नागिरीकर एकाएकी माना वळवून दुलाभाईंकडे बघू लागले. धक्क्यावरची पोर कुणाची, हे त्यांना माहीत होतं. एकजण फिसकन हसला. दुलाभाई उठून उभे राहिले. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण उठलेत म्हणजे आता लाँचवर निघाले, या एका विचाराने माझा तोल सुटला आणि मी कर्ण्यातून म्हणालो, ज्याला पोटची पोर ओळखत नाही, त्याने सोनं आणून कुणाच्या गळ्यात घालायचं?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाकून चपला घातल्या आणि खुर्च्यांमधून निघून गेले. खाडी तिथून दहा मिनिटांवर. कर्णा टाकून धावलो असतो तर गाठले असते. पण सिनेमा अजून बाकी होता, पाचशे माणसं ओरडत होती आणि मॅनेजर दारातून हात हलवत होता. आणि खरं सांगतो, मला वाटलं, शब्द लागले ते बरं झालं. मी सिनेमा पुरा केला. शेवटाला लोक खूप हसले.

मी खाडीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा लाँच दुलाभाईंना घेऊन गेलेली होती. दुलाभाईंची ट्रंक खोलीतच राहिली, कंगवासुद्धा नेला नव्हता. त्या लाँचचा पुढे पत्ता लागला नाही. कुणी म्हणे मस्कतच्या पुढे इंजिन पेटलं, कुणी म्हणे कस्टमवाल्यांची गोळी. दलाल तीन महिने 'इन्शाल्ला, इन्शाल्ला' करत राहिला, मग दुसऱ्या गल्लीतून जाऊ लागला.

पाच महिन्यांनी मी गावी गेलो. आपा रडली नाही. तिने डब्यातून एक पत्र काढून माझ्या हातात दिलं. दुलाभाईंचं अक्षर, सिनेमाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी टाकलेलं, तिला महिन्याने मिळालेलं. लिहिलं होतं, दलालाला आज नाही म्हणून कळवलं. जीव अजून वर-खाली होतोय, पण ठरलं ते ठरलं. उद्या तुझा भाऊ सिनेमा दाखवणार आहे. भला पोरगा आहे, मला एका शब्दाने टोचलं नाही.

आपा म्हणाली, "नाही म्हणून सांगितलं होतं, मग गेले कसे रे?"

मी म्हणालो, मला ठाऊक नाही. आपा वारली तेव्हाही तिला एवढंच ठाऊक होतं.