कानबाई बसने गेली

मला दणदणीत इंजिनाच्या गाड्या आवडतात. आमच्या घरात हे वाक्य आता व्यसनाची कबुली दिल्यासारखं हळू बोलावं लागतं, कारण माझी मुलगी पर्यावरणाचा अभ्यास करते आणि तिचे कान फार तिखट आहेत.

माझे वडील खानदेशातून उधन्यात कापडाचे लूम चालवायला आले. माझं सगळं लहानपण त्या खडखडाटात गेलं. कारखान्याला सुट्टी असली की मला झोपच येत नसे. पुढे साड्यांना लेस लावायचं काम मी घरी आणलं, बायका जोडत गेले, युनिट उभं केलं आणि चाळिशी उलटल्यावर एक सेकंडहँड डिझेल गाडी घेतली. उंच, काळी, उभ्या जागी गुरगुरणारी. बारडोलीच्या रस्त्याला पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. एवढं सुख मला एकाही दागिन्याने दिलेलं नाही.

आणि नेमकी आमची पाळी आली तेव्हा जगाला धुराची आठवण झाली! वडिलांनी जन्मभर सायकल मारली, त्याबद्दल कोणी शाबासकी दिली नाही. मिलच्या चिमण्यांची काजळी गच्चीवरच्या पापडांवर पडायची, तेव्हा कोणी पत्रक वाटलं नाही. आता मी चावी फिरवली की मुलगी नाकाला ओढणी लावते. मला कळत नाही असं नाही. उन्हाळ्यात माझ्या कामाच्या बायका डिंडोलीतल्या पत्र्याखाली कशा भाजून निघतात, ते मी बघते. मुलीचं खरं आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच जास्त चिडचिड होते. ती चुकीची असती तर मी मजेत गाडी चालवली असती.

यंदा श्रावणात कानबाईच्या दिवशी हे सगळं उकळून वर आलं. आमच्याकडे नारळ म्हणजेच कानबाई देवी. थोरलं घर आमचं, म्हणून वर्षभर ती आमच्या देवघरात असते. त्या रविवारी तिला तापीपलीकडच्या आमच्या अडाजणच्या घरातून डिंडोलीला धाकट्या दिरांकडे न्यायचं. तिथे सगळे भाऊबंद उपाशी थांबलेले असतात. ती पाटावर बसेपर्यंत तिला खाली ठेवायचं नाही, कोणाच्या तरी मांडीवरच न्यायचं, हा आमचा नेम. मुलगी फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून हे काम तिचं. मग बाईला पाटावर मांडून नथ आणि साजशृंगार आम्ही मायलेकी मिळून करायचो. दिवाळीनंतर तिचं लग्न आहे. लग्न झालेल्या मुलीला आमचे कानबाईच्या नैवेद्याचे रोट चालत नाहीत. म्हणजे आमचं दोघींचं हे शेवटचं, आणि मला ते काही झालं तरी चुकवायचं नव्हतं.

"मम्मी, आपण बसने जाऊ ने," ती दारात म्हणाली. "एवढ्याशा नारळासाठी दोन टन लोखंड कशाला?"

"देवीला बसमध्ये धक्के खायला लावू?"

"ती काही बोलली नाही. तूच बोलतेस."

हे सकाळीच स्कूटरवरून पीठ घेऊन पुढे गेले होते, त्यामुळे मध्ये पडायला कोणी नव्हतं. बोलण्याने बोलणं वाढलं. ती म्हणाली, मी त्या गाडीत बसणार नाही. मी म्हटलं, नको बसूस. ती खरंच पायऱ्या उतरून निघून गेली. मी रागाच्या भरात शेजारच्या सीटवर लाल खण अंथरला, त्यावर बाई ठेवली आणि तिला सीटबेल्ट लावला. सात पिढ्यांत कोणी केला नसेल असा प्रकार!

उधन्याच्या रस्त्यावर कापडाच्या ताक्यांनी भरलेला टेम्पो मध्येच बंद पडला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, हॉर्नचा कल्लोळ. माझ्याकडे एवढं इंजिन, आणि शेजारून लिंबूवाला हातगाडी ढकलत पुढे गेला. सासूबाईंचा फोन आला. त्या अजून अहिराणीतच बोलतात.

"कोठे शे व तू? बाई कोना मांडीवर शे?"

मी म्हटलं, येतेच आहे. आणि फोन ठेवून दिला.

तेवढ्यात शेजारच्या राखीव पट्ट्यातून बॅटरीवरची बस आवाज न करता पुढे सरकली. खिडकीत माझी मुलगी. तिनेही मला पाहिलं. पुढच्या स्टॉपला उतरून ती गाड्यांच्या फटींतून मागे आली आणि काचेवर टकटक केली. बेल्ट लावलेली बाई बघून ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तिने बेल्ट काढून बाईला उचललं आणि खणात गुंडाळून छातीशी धरलं.

"सगळे उपाशी आहेत, मम्मी. चल, बसने दहा मिनिटांत पोचू."

"आणि गाडी?"

"साइडला लाव."

"साइड आहे कुठे? फुटपाथवर चढवू? ओरखडे कोण काढून देणार?"

मागच्यांनी हॉर्न सुरू केले. माझे हात स्टिअरिंगवरच होते. वाटलं, आत्ता उतरावं, चावी फेकून द्यावी, जाऊ दे खड्ड्यात. पण उतरले नाही. ती वळली. थोड्या वेळाने दुसरी बस शेजारून गेली, तिच्यात खिडकीशी बसलेली मुलगी आणि तिच्या मांडीवर लाल खण दिसला. मी उभ्या जागी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं. पुढचा स्कूटरवाला मागे वळून खोकला आणि गुजरातीत काहीतरी बोलला, ते मी इथे लिहिणार नाही.

डिंडोलीला पोचले तेव्हा गल्लीभर रोटांचा वास होता. बाई पाटावर बसली होती. नथ, बांगड्या, वेणी, सगळं जागच्या जागी. आरती होऊन गेली होती आणि बायकांची गाणी रंगात आली होती. मुलगी चुलत बहिणींच्या घोळक्यात टाळ्या वाजवत होती. मला पाहून ती थोडी सरकली. मी तिच्याशेजारी मांडी घातली. ती पाटाकडेच बघत होती.

"गाडीला जागा मिळाली?" तिने विचारलं.

"मिळाली," मी म्हटलं.