छबूबाईचा राजा

शेवगावजवळच्या त्या वाडीत होला पाखरांचे एवढे लाड कुणी केले नसतील. एकाहत्तर साली छबूबाईनं बाजारातून पांढऱ्या होल्यांची जोडी आणली. जास्त घुमायचा तो राजा, दुसरी राणी. बाजरी पाखडून, खडे निवडून ती त्यांना घालायची, अंड्यांचं कवच पक्कं व्हावं म्हणून शिंपल्यांचा चुरा ठेवायची, शनिवारी कोवळ्या उन्हात परातीत आंघोळ. पोटच्या गोरक्षनाथालाही तिनं एवढं न्हाऊमाखू घातलं नाही, असं शेजारणी म्हणायच्या, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

राणीनं अंडी घातली, तीही चार. छबूबाई गावभर सांगत सुटली, "लोकांच्या होल्याला दोन, माझ्या राणीला चार." दोघं आळीपाळीनं उबवायला बसायची. पण तीन खेपांची बारा अंडी नासली. पिल्लू म्हणून एक नाही.

पिंजरा झाडायचं काम सुनेचं, चांगुणाचं. लग्नाला चार वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. छबूबाईनं दोन्ही गोष्टींची सांगड घातली आणि मोकळी झाली. "हिच्या हातालाच गुन न्हाई," असं ती चारचौघींत बोलायची. चौथ्यांदा अंडी पडली तशी तिनं सुनेला सुप्याला माहेरी धाडलं. निघताना बजावलं, "तुजा हात न लागता पिल्लं निघाली, तर गोरखला दुसरी बायको बघनार."

"पाणी बदललंय त्यांचं," एवढंच बोलून चांगुणा गेली.

मग छबूबाईनं पिंजऱ्यावर कुणाची सावलीही पडू दिली नाही. पंधरा दिवस झाले, वीस झाले. अंडी होती तशीच. शेवटी तिनं शाळेतल्या अब्राहाम मास्तरांना बोलावलं. त्यांच्या घरी बापापासून होले होते. मास्तरांनी एकेक अंडं उन्हाकडं धरून पाहिलं.

"दर खेपेला चारच पडतात?"

"व्हय. लई गुनाची हाय राणी."

"छबूबाई, होल्याची मादी दोनच घालते. चार म्हणजे दोघींची. तुमच्याकडं नर नाहीच."

"राजा घुमतोय की."

"मादीही घुमते. यातून पिल्लू निघणारच नव्हतं, हात कुणाचाही लागो."

छबूबाईनं पिंजऱ्याकडं पाहिलं. बारा अंडी नासली, पण राजाकडं तिनं कधी बोट दाखवलं नव्हतं, उलट मूठभर दाणा जास्तच घातला होता. तिची नजर उंबऱ्यात बसून बिडी ओढणाऱ्या गोरखवर गेली. त्याच्याकडं तरी चार वर्षांत कुणी बोट दाखवलं होतं? तिला स्वतःचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं सुप्याला गेली. मांडीवर पिंजरा, शेजारी गोरक्षनाथ. चांगुणा दारातच होती. पिंजरा पाहताच तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"निघाली पिल्लं, आत्याबाई?"

"न्हाई. निघनारच नव्हती. दोघी माद्या हायेत, पोरी. तुज्या हाताचा दोष नव्हता, माजी अक्कल शेन खायला गेल्ती." छबूबाईनं पिंजरा ओट्यावर ठेवला. "गोरखला घेऊन आलेय. उद्या नगरला दवाखान्यात आधी त्याला दाखवायचं."

चांगुणाचे हात काही पुढं येईनात. तेव्हा छबूबाईनंच पिंजऱ्याचं दार उघडलं, सुनेचा उजवा हात ओढून घेतला आणि राजाच्या पाठीवर ठेवला.