एकमताचं बाथरूम

वहिनी लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा नवऱ्याशी त्यांची धड ओळख व्हायच्या आधी खालच्या बाथरूमशी झाली. ओळख कसली, चकमकच ती! आत काळोख. दिव्याचं बटण हाताला लागेपर्यंत त्यांनी एक साबण, दोन तांबे आणि कुणाची तरी कवळी पायदळी तुडवली होती. मग गिझर सुरू झाला. मालगाडी भिंत फोडून आत येतेय असं वाटून वहिनी ओल्या अंगानं कोपऱ्याला चिकटल्या. आणि बाहेर पडताना दारात तो उंबरा! पाणी बाहेर येऊ नये म्हणून सासऱ्यांनी तो स्वतःच्या हातानं बांधला होता, आणि बांधताना त्यांच्या डोळ्यासमोर बहुधा एखादं धरण असावं. त्याला अडखळून नवी सून जी उडाली, ती थेट पॅसेजमध्ये पेपर वाचत बसलेल्या सासूबाईंच्या मांडीवर.

सासूबाईंनी चष्मा सरळ केला. म्हणाल्या, "पाय उचलून टाकायचा असतो."

पुढे इतकी वर्षं वहिनींनी पाय उचलून टाकला. सगळं जग त्यांना वहिनी म्हणायला लागलं. दिरांचे मित्र, गॅसवाला, आणि एकदा घाईघाईत खुद्द नवरासुद्धा. सासरे गेले, पण उंबरा राहिला आणि त्यांचा नियमही राहिला. नियम असा, की घरात कुठलंही काम सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय करायचं नाही. एकानं जरी नाही म्हटलं तरी नाही. जेवणाच्या खोलीतला नवा पंखा या नियमापायी अजून खोक्यातच होता, आणि खोक्यावर आता लोक वाट्या ठेवायचे.

मग आई, म्हणजे सासूबाई, त्याच उंबऱ्याला अडखळून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्या घरी आल्या वॉकर घेऊन, पण वॉकर उंबरा चढेना. दोन माणसांनी काखेत हात घालून उचलायचं आणि पलीकडे ठेवायचं. आईंना ते मरणाहून जड जायचं. आयुष्यभर ज्यांनी कुणाला स्वतःची पिशवी उचलू दिली नव्हती, त्या बाईला आता धाकटा मुलगा "हं, एक, दोन, तीन" म्हणून उचलत होता.

डॉक्टरांनी तपासून वहिनींना बाजूला घेतलं. "पाणी पोटात जात नाहीये यांच्या. असंच चाललं तर किडन्या हात टेकतील. मग मला काही करता येणार नाही."

वहिनी तेव्हापासून दर तासाला भरलेला पेला आईंच्या उशाशी ठेवायला लागल्या. पेला रिकामा व्हायचा. वहिनींना बरं वाटायचं. फक्त एक गोष्ट त्यांना खटकायची. खिडकीतलं मनीप्लांट, जे इतकी वर्षं चार पानांवर रडत होतं, ते आता पडद्याच्या दांडीला जाऊन टेकलं होतं.

ज्या दिवशी कुंडीखालच्या बशीतून पाणी ओघळून भिंतीवर आलेलं दिसलं, त्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. बाथरूम बदलायला हवं होतं, आणि ताबडतोब. उंबरा काढायचा, कमोड बसवायचा, भिंतीला दांड्या लावायच्या, दार रुंद करायचं. मिस्त्री येऊन बघूनही गेला. "आठवड्याचं काम आहे, वहिनी. तुमचं ठरलं की बोलवा."

ठरलं की! या घरात!

नवरा म्हणाला, "बघू." तो सगळ्यालाच बघू म्हणायचा, लग्नाच्या वेळीही तो असंच काहीतरी म्हणाला होता असा वहिनींना संशय होता. मधले भावजी मोजपट्टी घेऊन बाथरूममध्ये शिरले ते संध्याकाळीच बाहेर आले. "वहिनी, कमोड पूर्वेच्या भिंतीला नको. तिथे माझी दाढीची जागा आहे."

"भावजी, दाढी बेसिनपाशी करा ना."

"बेसिनपाशी उजेड डावीकडून येतो!"

धाकट्या जावेला बाथटब हवा होता. "करतोच आहोत तर एकदाच चांगलं करू या ना, वहिनी!" तिनं टाइल्सचे नमुने आणले. मधल्यांनी दुसरे आणले. धाकट्यानं तिसरे. सगळे नमुने उंबऱ्यावरच ओळीनं मांडले गेले, म्हणजे तो आणखी उंच झाला. आईंना उचलताना एक नमुना पायाखाली येऊन फुटला, तर धाकटी कळवळून म्हणाली, "अगं बाई, माझा समुद्री निळा!"

वहिनी एकेकाला गाठत राहिल्या. चहा देताना, कपडे वाळत घालताना, भावजी गाडी बाहेर काढत असताना खिडकीच्या काचेवर टकटक करून. दाढीच्या बदल्यात आरसा कबूल केला. बाथटबच्या बदल्यात धाकटीला गच्चीवरची खोली सोडून दिली. नवऱ्याला नुसतंच विचारलं, "अहो, आई हव्यात ना तुम्हाला?" तो पहिल्यांदाच बघू न म्हणता "हो" म्हणाला.

झालं एकमत! वहिनी धावतच आईंच्या खोलीत गेल्या. "आई, ठरलं! सगळे तयार झाले."

आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मला कुणी विचारलं?"

भावजींच्या दाढीपर्यंत सगळ्यांना विचारून झालं होतं. जिच्यासाठी हे चाललं होतं तिला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तो उंबरा ह्यांनी बांधलाय. माझा नकार आहे," आई म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

"आई, तुम्ही पाणी झाडाला घालता. मला माहितेय."

आई भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "प्यायले की जावं लागतं. जावं लागलं की तुम्ही सगळे जमता आणि मला गोणीसारखं उचलता. त्यापेक्षा झाड पिऊ दे."

वहिनी बाहेर आल्या. पॅसेजमध्ये नवरा आणि दोन्ही दीर उभे होते. "आई नाही म्हणाल्या? मग संपलंच," मधले भावजी म्हणाले, आणि त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. नियम म्हणजे नियम.

वहिनी जिन्याखालच्या खोक्यातून हातोडा घेऊन आल्या. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी समुद्री निळ्यासकट सगळे नमुने उडवले आणि उंबऱ्यावर घाव घातला. पहिल्या घावाला नुसती धूळ उडाली. दुसऱ्याला वहिनी रडायला लागल्या. तिसऱ्याला कोपरा सुटला.

आतून आवाज आला, "काय पडलं?"

"उंबरा, आई!"

"कोण पाडतंय?"

"मी!"

हातोडा तसाच वर धरून वहिनी उभ्या होत्या.

"मग नीट पाड," आतून आई म्हणाल्या. "अर्धवट ठेवलास तर ठेच लागते."

उंबऱ्याबरोबर खालचा पाइपही फुटला, तेव्हा मिस्त्रीला त्याच दुपारी बोलवावं लागलं. एवढं मोठं घर वरच्या एकाच बाथरूमपुढे रांगेत उभं राहिल्यावर उरलेले सगळे प्रश्न आपोआप सुटले. दाढीसुद्धा. काम संपल्यावर आई वॉकर ढकलत एकट्या आत गेल्या, एकट्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे गं. भांडंभर दे." मनीप्लांट महिन्याभरात पुन्हा चार पानांवर आलं.

दाराच्या रंगावर मात्र एकमत झालं नाही. पडदा लावला होता. आईंनी ते बाथरूम शेवटपर्यंत पडद्यावरच वापरलं. दार बसलं ते त्या गेल्यानंतर. राखाडी आहे, दुकानात तेवढंच शिल्लक होतं.