बिनवासाची हवा

ताईच्या बाळाला न्हाऊ घातलं की आई शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकून धुरी देते आणि बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकी घट्ट लावते. आज धूर विरला, ओव्याचा वास गेला, निखाऱ्यांवर राख धरली. आई निवांत झाली. तेवढ्यात भाओजींनी भिंतीवर लावलेली पांढरी डबी किंचाळू लागली.

"अगं बाई, आता कुठाय धूर?" आई म्हणाली.

"आई, ती धुरासाठी नाही. कोळशाचा विषारी वायू झालाय, चल बाहेर!" ताईनं बाळ उचललं. एवढ्या कर्कश आवाजातही ते झोपलेलंच होतं.

खिडकी सताड उघडून आम्ही अंगणात आलो. मी त्या खोलीकडे बघतच राहिले. आत काही म्हणता काही दिसत नव्हतं. त्या वायूला ना रंग, ना वास. साधा ठसकासुद्धा लागला नाही. आईच्या मायेच्या उबेतूनच तो आला होता, आणि आमच्यापैकी कुणालाही न कळलेलं त्या मुठीएवढ्या डबीला कळलं होतं.

वाऱ्याची झुळूक लागली तसं बाळ जागं झालं आणि टाहो फोडून रडायला लागलं. ताई त्याला थोपटायला गेली.

"रडू दे गं," आई म्हणाली. "चांगलं मोठ्यानं रडू दे."